न घडलेल्या संकटाचें मोल

मनुष्याच्या शरीरांत कांहीं व्यंगें अशीं आहेत कीं, त्यांस व्यंग म्हणावें किंवा नाहीं हाच पहिला वाद. गर्भावस्थेंत प्रत्येकाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्यें एक लहानसें द्वार असतें. गर्भाचीं फुप्फुसें त्या वेळीं कामास लागलेलीं नसतात. आईकडून आलेलें शुद्ध रक्त उजव्या बाजूकडून डाव्या बाजूस थेट पोंचावें, एवढ्यासाठीं निसर्गानें ही वाट ठेविलेली आहे. मूल जन्मास येऊन रडलें, पहिला श्वास आंत गेला, कीं डाव्या कप्प्यांतला दाब वाढतो आणि पडद्याची झडप त्या द्वारावर टेकून बसते. बहुतेकांच्या बाबतींत ती पुढें कायमची चिकटते. सुमारें चारांतील एकाच्या बाबतींत मात्र ती नुसती टेकलेलीच राहते. खोकल्याची उबळ आली, ओझें उचललें, शौचास जोर केला, म्हणजे क्षणभर उघडते आणि पुन्हां मिटते. हें द्वार दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य गेलन यासही ठाऊक होतें. आमच्यासमोर वर्गांत साठ विद्यार्थी बसत असतील तर त्यांतील पंधरांच्या हृदयांत ही फट असावयाची, आणि त्यांतील बहुतेक सर्व जण तिची वार्ताही न लागतां म्हातारे होऊन जावयाचे.

अशा वस्तूस आमच्या जळगांव-धुळ्याकडे 'हार्टला होल' म्हणतात. दवाखान्यांतून निघालेला हा शब्द घराच्या ओसरीवर येईपर्यंत फार मोठा झालेला असतो. कांहीं बालकांच्या हृदयाच्या पडद्यांत जन्मतःच खरेंखुरें भोंक असतें. त्यानें मूल निळें पडतें किंवा खुंटतें, आणि तें बुजविल्यावांचून गत्यंतर नसतें. शाळांशाळांतून तपासणी करून अशीं मुलें हुडकून काढण्याचा सरकारी उपक्रम २०१३ पासून चालू आहे, व तो स्तुत्य आहे. परंतु तें भोंक निराळें आणि ही न चिकटलेली झडप निराळी. डॉक्टर लोक हिला 'पीएफओ' म्हणतात. एकाच शब्दानें दोहोंचा निर्देश झाल्यामुळें जो गोंधळ माजतो, तो केवळ भाषेचा राहत नाहीं. त्यापायीं पैसा जातो, झोंप जाते, आणि कधीं कधीं ठरलेलें लग्नही मोडतें.

आतां या निरुपद्रवी फटीचा उपद्रव कोणता, तें पाहूं. पायाच्या शिरेंत रक्ताची लहानशी गुठळी झाली तर ती वाहत उजव्या कप्प्यांत येते व तेथून फुप्फुसांत जाते. फुप्फुस म्हणजे एक प्रकारची गाळणीच आहे, तेथें ती बहुधा विरून जाते. पण नेमकी त्याच क्षणीं झडप उघडली, तर गुठळी गाळणी चुकवून डाव्या बाजूस उतरते आणि धमनीवाटे मेंदूपर्यंत जाऊं शकते. मग चाळिशीच्या आंतला, रक्तदाब नाहीं, मधुमेह नाहीं, असा धडधाकट मनुष्य सकाळीं उठतो तों त्याचा हात वर होत नाहीं. १८७७ सालीं कोनहाइम या जर्मन रोगशास्त्रज्ञानें एका तरुण स्त्रीच्या मृत्यूची मीमांसा करतांना हा मार्ग प्रथम दाखविला. पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं, १९८८ मध्यें, तरुण वयांत पक्षाघात झालेल्यांच्या हृदयांत ही फट इतरांपेक्षां पुष्कळच अधिक आढळते, असें दिसून आलें. त्यानंतर ती बुजविण्याची कल्पना निघण्यास वेळ लागला नाहीं. जांघेंतील शिरेवाटे एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यावयाची, फटींतून पलीकडे सरकवावयाची, आणि मिटलेल्या छत्रीसारखी घडी केलेली दुहेरी चकती तेथें उघडावयाची: एक पाकळी पडद्याच्या त्या बाजूस, एक या बाजूस. चकतीची तार निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. ती घडी करून दडपली तरी सोडतांच आपला मूळ आकार धारण करते. कांहीं महिन्यांत तिच्यावर शरीराचाच पापुद्रा चढतो. छाती फाडावी लागत नाहीं, आणि रोगी बहुधा दुसऱ्या दिवशीं घरीं जातो.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. अडचण येते ती अशी कीं, चारांतील एकाच्या अंगीं असलेली गोष्ट पक्षाघात झालेल्याच्या अंगीं सांपडली, एवढ्यावरून ती पक्षाघाताचें कारण ठरत नाहीं. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें होत नाहीं. यालाच आमच्या नैयायिकांनीं काकतालीय न्याय म्हटलें आहे. सत्तरीच्या, तीस वर्षें तंबाखू खाल्लेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या मध्येंच सोडून देणाऱ्या गृहस्थाच्या हृदयांत फट सांपडली, तर ती बहुधा कावळाच समजावी. याच गृहस्थाच्या मुलानें मुंबईहून तिकीट काढून 'बाबांचें होल बुजवून टाका' असा आग्रह धरला, तर त्यांत पितृभक्ति असेल. पण कार्यकारणभाव नाहीं.

ही शंका पाश्चात्य वैद्यांसही होती. परंतु शंका फिटण्यापूर्वींच हात चालूं लागले. पक्षाघात टाळण्याकरितां चकती बसविल्याचा पहिला वृत्तांत १९९२ सालचा. आणि तिचा उपयोग होतो कीं नाहीं याची चोख कसोटी लागली ती २०१७ सालीं. मधल्या पंचवीस वर्षांत हजारों हृदयांतून चकत्या बसल्या. २०१२ मध्यें ९०९ रोग्यांवरील पहिल्या मोठ्या प्रयोगाचा निकाल आला: चकती आणि नुसत्या गोळ्या यांत फरक नाहीं. २०१३ मधील दोन प्रयोगांनींही निर्णायक असें कांहीं सांगितलें नाहीं. २०१७ च्या सप्टेंबरांत मात्र एकदम तीन प्रयोग प्रसिद्ध झाले, आणि तिन्हींचा कौल चकतीच्या बाजूनें पडला. त्यांतील एका फ्रेंच प्रयोगांत चकती बसविलेल्या २३८ जणांपैकीं एकासही पुन्हां झटका आला नाहीं. नुसत्या गोळ्या घेणाऱ्या २३५ जणांपैकीं १४ जणांस आला. फरक पडला तो मुख्यतः निवडीमुळें. साठीच्या आंतले, दुसरें कोणतेंही कारण न सांपडलेले, आणि फट खरोखर मोठी किंवा पडदा लुळा असलेले, असेच रोगी या वेळीं बहुतांशीं घेतले होते. आणि त्यांच्यावर पाळतही अधिक वर्षें ठेविली होती.

आतां आमचा पहिला नैतिक प्रश्न. २००५ सालीं ज्या डॉक्टरानें योग्य अशाच एका तरुणाच्या हृदयांत चकती बसविली, त्याचें कृत्य बरोबर होतें काय? बारा वर्षांनीं निघालेल्या निकालानें तें बरोबर ठरलें, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. अंधारांत मारलेला दगड नेमका सापास लागला, म्हणून मारणाऱ्यास धनुर्धर म्हणत नाहींत. कृत्याची योग्यता त्या वेळीं हातीं असलेल्या पुराव्यावरून आणि रोग्याशीं बोलतांना राखलेल्या खरेपणावरून ठरावी. "याचा उपयोग होईल असें आम्हांस वाटतें, पण तें सिद्ध झालेलें नाहीं, प्रयोग चालला आहे, त्यांत सामील व्हाल काय?" असें ज्यानें सांगितलें, त्याचें वर्तन निकाल कोणताही लागला असता तरी चोख होतें. ज्यानें "भोंक आहे, बुजविलें पाहिजे" एवढेंच सांगितलें, त्याचें वर्तन २०१७ च्या निकालानेंही धुवून निघत नाहीं. आणि गंमत अशी कीं, या दुसऱ्या जातीच्या डॉक्टरांमुळेंच निकाल लांबला. प्रयोगाबाहेर चकती सहज मिळत असतां, चिठ्ठी टाकून गोळ्या कीं चकती ठरविणाऱ्या प्रयोगांत कोण येतो? पहिल्या प्रयोगास रोगी मिळतां मिळतां वर्षें गेलीं.

खरेपणाची किंमत काय पडते याचेंही एक उदाहरण याच इतिहासांत आहे. फट बुजविल्यानें अर्धशिशी बरी होते काय, याचा एक प्रयोग इंग्लंडांत झाला. त्या प्रयोगांतील एक प्रमुख, डॉ. पीटर विल्म्सहर्स्ट, यांनीं त्यांतील आंकड्यांविषयीं २००७ मध्यें उघड शंका घेतली. चकती करणाऱ्या अमेरिकन कंपनीनें त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि तो कंपनीचेंच दिवाळें वाजेपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, चालला. आपल्या घरादाराची जोखीम पत्करून हा गृहस्थ शब्द मागें न घेतां राहिला. वैद्यकांत धैर्य म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें चाकू धरलेला हात येतो. पण पुष्कळदां तें हात आखडून घेण्यांत असतें.

परंतु समजा, कसोटी लागली, रोगी योग्य आहे, डॉक्टर प्रामाणिक आहे. तरी प्रश्न संपत नाहीं. आमच्या मतें खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. २०२१ मध्यें सहा प्रयोगांतील एकूण ३७४० रोग्यांची एकत्र छाननी झाली. नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांत वर्षाकाठीं शेंकडा १.०९ जणांस पुन्हां झटका आला, चकती बसविलेल्यांत ०.४७ जणांस. हजाराच्या भाषेंत सांगावयाचें तर असें: चकती नसतां वर्षांत हजारांपैकीं अकरांस झटका यावयाचा, चकती असतां पांचांस. म्हणजे सहा जण वांचले. उरलेल्या ९८९ जणांस त्या वर्षीं चकती असो वा नसो, कांहींच व्हावयाचें नव्हतें. आणि ते सहा कोण, हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. त्यांचीं नांवें नसतात. त्यांस स्वतःसही आपण वांचलों हें कळत नाहीं.

उलट हानीस मात्र चेहरा असतो. चकती बसविल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत कित्येकांच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. २०१७ मधील एका प्रयोगांत चकती बसविलेल्यांपैकीं शेंकडा ६.६ जणांस हा त्रास झाला. न बसविलेल्यांत शेंकडा ०.४ जणांस. बहुतेकांचा तो बरा होतो, पण तो होत असतांना "हें मला चकतीमुळें झालें" असें रोगी बोट ठेवून सांगूं शकतो. ज्याचें भलें झालें तो अज्ञात, ज्याचें थोडें वाईट झालें तो ज्ञात. या विषमतेमुळें प्रतिबंधक उपाय करणाऱ्या वैद्याच्या वांट्यास आभार येत नाहींत आणि तक्रारी तेवढ्या येतात. मोडलेला हात जोडणाऱ्या वैद्याचें तसें नाहीं. त्याचें फळ रोगी हलवून दाखवितो.

आमच्या न्याय-वैशेषिकांनीं अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि त्याचे चार प्रकार केले. त्यांतला पहिला प्रागभाव: घट उत्पन्न होण्यापूर्वीं असलेला घटाचा अभाव. त्यास आरंभ नाहीं, पण अंत आहे. घट झाला कीं तो संपतो. दुःखाचा प्रागभाव आहे तसाच राखून ठेवणें हा पुरुषार्थ होऊं शकतो काय, अशी चर्चा जुन्या शास्त्रकारांनीं मोक्ष आणि प्रायश्चित्त यांच्या प्रकरणीं केलेली आहे. प्रतिपक्षाचा आक्षेप असा कीं, जें अनादि आहे तें तुम्हीं काय मिळविलें? शाळेंत ही चर्चा वाचतांना केसाची चिरफाड वाटते. पण चकती बसवून घेऊन घरीं आलेल्या मनुष्यापुढें हाच आक्षेप सगुण रूपानें उभा राहतो. पैसे दिले, सुई टोंचून घेतली, आणि मिळालें काय? जें काल नव्हतें तें आजही नाहीं! आमचें म्हणणें असें कीं, राखणें हेंही मिळविणेंच आहे; मात्र त्याचा पुरावा त्या एका मनुष्याच्या आयुष्यांत कधींही सांपडत नाहीं, तो हजारांच्या हिशेबांतच सांपडतो. अमळनेरचें तत्त्वज्ञान मंदिर १९१६ सालीं स्थापन झालें, आणि अभावाच्या चर्चा तेथें पुष्कळ झाल्या असतील. त्यांचा संबंध जांघेंतून जाणाऱ्या नळीशीं येईल असें कोणाच्या स्वप्नींही आलें नसावें.

फळाची आशा सोडून कर्म करावें, हें खानदेशांत निराळें सांगावयास नको. गीतेवरील विनोबांचीं प्रवचनें १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत झालीं, आणि साने गुरुजींनीं तीं तेथेंच उतरून घेतलीं. परंतु निष्कामतेचा उपदेश येथें फार घाईनें लावूं नये. फळाची आसक्ति नको, याचा अर्थ फळाचा विचार नको असा नव्हे. ज्या कर्माचें फळ दिसण्यासारखेंच नाहीं, त्या कर्मापूर्वीं तर विचार दुप्पट हवा; कारण मागाहून अनुभव येऊन चूक दुरुस्त होण्याची सोय तेथें नसते. शेतांत बी चुकलें तर पुढच्या पावसाळ्यांत कळतें. येथें तो पावसाळाच येत नाहीं.

आमचे एक जुने विद्यार्थी अमळनेर तालुक्यांत शिक्षक आहेत. वय एकोणचाळीस. एके दिवशीं फळ्यावर लिहितां लिहितां खडू हातांतून गळला आणि तोंडून शब्द निघेना. दोन महिन्यांत हात सुधारला, वाणीही आली. तपासांत दुसरें कांहीं निघालें नाहीं, फट मात्र मोठी निघाली. डॉक्टरांनीं चकती सुचविली. पत्नीचें म्हणणें, उद्यांच्या उद्यां बसवा. थोरल्या भावाचें म्हणणें, चालत्या-बोलत्या माणसाच्या काळजांत तार कशाला घालतां. शिवाय खर्चासाठीं कपाशीचें शेत गहाण पडणार होतें. ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही सांगाल तसें करतों." आम्हीं त्यांस एवढेंच विचारलें कीं, तुम्हांस भीति कशाची वाटते? थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "मरणाची नाहीं वाटत, सर. बोलतां येणार नाहीं याची वाटते."

या उत्तरांत आम्हांस निर्णयाची किल्ली दिसली. हजारांत सहा हा आंकडा सर्वांस सारखाच. पण त्या सहांपैकीं एक होण्याची किंमत प्रत्येकाची निराळी. ज्याची उपजीविका वाणीवर आहे, ज्याच्यापुढें वीस वर्षांची नोकरी आणि लहान मुलें आहेत, त्याच्या तराजूंत ती फार जड. वयाचाही हिशेब असाच. साठीच्या मनुष्यास पुढें जितकीं वर्षें धोका वागवावयाचा, त्याच्या दुप्पट चाळिशीच्या मनुष्यास. (हा गुणाकार जपून करावा, प्रयोगांतील पाळत सरासरी पांच वर्षांच्या आसपासचीच आहे, तीस वर्षांचा अनुभव अजून कोणापाशींही नाहीं.) आमच्या एकत्र कुटुंबांत असे निर्णय सर्व मिळून होतात, आणि त्यांत वाईट कांहीं नाहीं, भाऊच रात्रभर उशाशीं बसतो. पण आमचें स्पष्ट मत आहे कीं, भावाचें मत शेताच्या बाबतींत घ्यावें, काळजाच्या बाबतींत नव्हे. शेत गहाण टाकावयाचें कीं नाहीं हा दोघांचा प्रश्न. भय सोसावयाचें कीं नाहीं हा एकाचा. शेवटीं दिवाळीच्या सुटींत त्यांनीं चकती बसवून घेतली. प्रकृति उत्तम आहे. ती उत्तम आहे यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं, हें त्यांस ठाऊक आहे, आणि त्यांच्या भावासही ठाऊक आहे. दोघे त्यावर वाद घालीत नाहींत.

त्यांच्या जागीं त्यांची पत्नी असती तर शेत गहाण पडलें असतें काय, असा प्रश्न आमच्या मनांत आला, तो आम्हीं विचारला नाहीं. वाचकांनीं आपापल्या घरापुरता विचारून पाहावा. बाळंतपणाच्या सुमारास शिरांत गुठळ्या होण्याची प्रवृत्ति वाढते, तेव्हां हा प्रश्न केवळ तर्काचा नाहीं.

उपाय करण्यांत धोका आहे आणि न करण्यांतही आहे, याचें जगप्रसिद्ध उदाहरण इस्रायलचे पंतप्रधान एरियल शॅरॉन यांचें. २००५ च्या डिसेंबरांत त्यांस सौम्य झटका आला; तपासांत हृदयांत हीच फट सांपडली. ती बुजविण्याचा दिवस ५ जानेवारी २००६ हा ठरला, आणि तोंवर गुठळी होऊं नये म्हणून रक्त पातळ करणारें औषध चालू केलें. ४ जानेवारीस मेंदूंत प्रचंड रक्तस्राव झाला. त्यानंतर ते बेशुद्धींतच राहिले व ११ जानेवारी २०१४ रोजीं वारले. त्यांचें वय तेव्हां ७७ होतें; आजच्या कसोटीनें त्या फटीकडे फारसें कोणी पाहिलेंही नसतें. डॉक्टरांवर टीका पुष्कळ झाली, पण त्या टीकेंतही आदल्या दिवशींच्या माणसास दुसऱ्या दिवशींच्या ज्ञानानें झोडपण्याचा दोष आहेच.

सार्वजनिक पैशाचा प्रश्न थोडक्यांत आटोपतों. गरिबांस फुकट शस्त्रक्रिया मिळावी म्हणून सरकारनें जी जीवनदायी योजना २०१२ मध्यें प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत धुळें होतें. अशा योजनेच्या तिजोरींतून एका चकतीस जो पैसा लागतो, त्यांत रक्तदाबाच्या गोळ्या किती जणांस किती वर्षें पुरतील, हा हिशेब केलाच पाहिजे. कारण सातपुड्याच्या पायथ्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत ज्यांस लकवा मारतो, त्यांतील बहुतेकांस तो रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांमुळें मारतो, फटीमुळें नव्हे. पण हा हिशेब सरकारनें करावा. खाटेवरच्या तरुणास "तुझ्या पैशांत दहा म्हाताऱ्यांच्या गोळ्या येतात" असें सांगण्याचा अधिकार त्याच्यासमोर बसलेल्या डॉक्टरास नाहीं.

राहतां राहिली ती मुलगी, जिला झटका वगैरे कांहीं आलेला नाहीं. छातींत दुखतें म्हणून टू-डी इको काढला, दुखणें पित्ताचें निघालें, पण कागदावर एका ओळींत फटीची नोंद आली. तिच्या बाबतींत बुजविण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. पहिल्या झटक्यापूर्वीं चकती बसविण्यास आजच्या वैद्यकाचा आधार नाहीं. प्रश्न आहे तो त्या ओळीचा. ती लिहूं नये, म्हणजे पुढचा घोळ टळेल, असें कित्येक दयाळू डॉक्टर म्हणतात. आम्हांस लपवाछपवी पसंत नाहीं. उद्यां तिला दुसरें कांहीं झालें तर तीच नोंद उपयोगी पडेल. पण अर्धें सत्य लिहिण्यापेक्षां पूर्ण लिहावें. त्या ओळीखालीं, घरच्यांस वाचतां येईल अशा मराठींत, आणखी एक ओळ डॉक्टरांनीं आपल्या हातानें लिहून द्यावी: ही गोष्ट चार माणसांत एकाला असते, हिच्यावर उपचार नको, आणि हिच्यापायीं शिक्षण, लग्न, बाळंतपण यांतलें कांहींही अडत नाहीं. लिहावयास अर्धें मिनिट लागतें.